रात्री अकरा ते पहाटे पाच: आमची वाटचाल

पुलांच्या धंद्यात आम्ही आलो ते एक्स्पान्शन जॉइंटमुळे. पुलाच्या दोन खांबांमधला एक तुकडा म्हणजे गाळा. अशा दोन गाळ्यांमधली जी फट गाडीखाली धडक-धडक वाजते, ती दुरुस्त करायची. मोठ्या ठेकेदारांना हे काम नको असायचं. किरकोळ रक्कम, फार कटकट आणि सगळं रात्रीचं. मग ते उपठेक्यात आमच्यासारख्यांच्या पदरात पडायचं. मी, माझा भागीदार, एक मुकादम, सहा माणसं, भाड्याचा कॉम्प्रेसर आणि कॉंक्रीट फोडायचे दोन ब्रेकर एवढाच संसार होता. पहिले बरेच महिने ऑफिस म्हणजे जीपची मागची सीट.

जुना जॉइंट तोडायचा, नवा बसवायचा, कॉंक्रीट भरायचं आणि पहाटे रस्ता मोकळा करायचा, इतकंच काम आहे असं आम्हाला वाटे. डोळे उघडले ते पुलाच्या खाली उतरल्यावर. गळक्या जॉइंटमधून वर्षानुवर्षं पाणी गर्डरच्या, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या लांब तुळईच्या, टोकावर आणि तिच्याखालच्या बेअरिंगवर (तुळई ज्यावर टेकते ती उशी) उतरलेलं होतं. पिअर कॅपचं, म्हणजे खांबाच्या माथ्याचं, कॉंक्रीट पापुद्र्यासारखं सुटलं होतं, आतल्या सळया बाहेर डोकावत होत्या. लोखंड गंजलं की मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतं. ती जागा कॉंक्रीट फोडूनच मिळते. आम्ही वरून नवाकोरा जॉइंट बसवून निघणार होतो आणि खाली हे चाललं होतं. त्यानंतर आमचा धंदा वरून खाली सरकत गेला: आधी जॉइंट, मग कॉंक्रीटची दुरुस्ती, मग बेअरिंग.

तपासणी आम्ही हातोडीपासून शिकलो. धड कॉंक्रीट खणखणतं, आतून सुटलेलं बदबदतं. हा आवाज आमच्या मुकादमाला माझ्याआधी कळायला लागला, आणि आजही मला त्याच्याइतका कळत नाही. मग कॉंक्रीटमधून ध्वनिलहरी सोडणारं अल्ट्रासॉनिक यंत्र आलं, आतली सळई गंजत असण्याची शक्यता सांगणारी हाफ-सेलची तपासणी आली. फिनॉल्फथॅलिन हे रसायन मात्र मला अजून सगळ्यात आवडतं. ताज्या फोडलेल्या कॉंक्रीटवर फवारलं की जिथे अल्कधर्म शाबूत आहे तिथे गडद गुलाबी होतं आणि जिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो संपवलाय तिथे रंगच येत नाही. रंग नसलेला पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर तिचं कवच गेलं समजायचं. अधिकाऱ्याला दहा पानी अहवालापेक्षा ही गुलाबी रेघ लवकर पटते.

आता वाहतुकीबद्दल, कारण आमचं सगळं आयुष्य तिच्याभोवती फिरतं. रात्री अकरा ते पहाटे पाच एक लेन मिळते, तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. सहा तास ऐकायला बरे वाटतात. ते उलटे मोजले की खरं कळतं. पाचला रस्ता सोडायचा तर साडेचारपासून आवराआवर, कोन उचलणं, बॅरिकेड हलवणं. लवकर घट्ट होणाऱ्या कॉंक्रीटला निदान अडीच-तीन तास द्यायचे, म्हणजे पावणेदोनपर्यंत माल पडून झालेला हवा. सुरुवातीचा अर्धा तास लेन बंद करण्यात जातो. तोडणं, सफाई, सळया आणि जॉइंटचं पोलादी चॅनेल बसवणं याला उरतात सव्वादोन तास. म्हणून बरोबर एक वाजता मुकादम एकच निर्णय सांगतो: भरायचं की झाकायचं. भरणं वेळेत होणार नसेल तर जाड पोलादी प्लेट टाकून, ती बोल्टने आवळून घरी जायचं. झाकायचं म्हणायला लाज वाटू नये, हे शिकायला आम्हाला एक वाईट रात्र लागली.

थंडीचे दिवस होते. माल वेळेत पडला, माझी छाती फुगली. चार वाजता क्यूब, म्हणजे त्याच मालाचे नमुन्याचे ठोकळे, दाबून पाहिले तर ताकद २५ मेगापास्कलच्या वर. मी म्हटलं, सोडा गाड्या. मुकादम जॉइंटपाशी उकिडवा बसला होता. त्याने खिळ्याने कॉंक्रीटवर रेघ ओढली आणि म्हणाला, "साहेब, हे अजून शेणागत आहे." मी त्याच्यावर ओरडलो, कारण माझ्या हातात आकडा होता. मग मी स्वतः खिळा घेतला. सरळ आत गेला. क्यूब आम्ही केबिनमध्ये ठेवले होते, दिवे आणि जनरेटरच्या उबेला. पुलावरच्या मालाला मात्र वरून वारा आणि खालूनही वारा. डेक, म्हणजे पुलावरचा रस्त्याचा स्लॅब, दोन्ही बाजूंनी गार पडतो, जमिनीवरच्या रस्त्यासारखा नसतो. त्या दिवशी लेन तीन तास उशिरा सुटली, मागे रांग लागली, नोटीस आली, दंड झाला. चूक आमचीच होती, भांडायला जागा नव्हती. तेव्हापासून क्यूब जॉइंटच्या शेजारी, त्याच ताडपत्रीखाली ठेवतो. आणि आकडा काहीही म्हणो, खिळा मुकादमाच्या हातात असतो.

लेन बंद करणं म्हणजे फक्त कोन मांडणं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. आमचाही होता. पण अर्धा पूल बंद केला की सगळ्या गाड्या उरलेल्या अर्ध्यावर येतात आणि त्या बाजूच्या कडेच्या गर्डरवर, आधी कधी सतत नव्हता, असा भार पडतो. गंजलेला गर्डर नेमका तोच असेल तर दुरुस्ती सुरू करण्याआधीच आपण त्याची परीक्षा घेतो. दुसरं असं की पळणाऱ्या ट्रकपेक्षा एकामागोमाग चिकटून उभी राहिलेली भरलेल्या ट्रकची रांग पुलावर जास्त वजन जमवते. म्हणून रांग पुलाच्या अलीकडे अडवायची आणि पुलावर गाडी चालतीच ठेवायची. आमचे झेंडेवाले पुलाच्या तोंडाशी नसतात, बरेच मागे असतात.

नव्या सुपरवायझरला मी पहिल्याच दिवशी मिनियापोलिसची गोष्ट सांगतो. १ ऑगस्ट २००७ रोजी मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला, १३ माणसं गेली. मूळ दोष १९६७ साली खुल्या झालेल्या पुलाच्या डिझाइनमध्येच होता. सांध्यांवर पोलादी तुळया जोडणाऱ्या गसेट प्लेट हव्या त्याच्या निम्म्याच जाडीच्या होत्या. पण त्या दिवशी पुलावर डेकच्या दुरुस्तीचं काम चालू होतं. आठांपैकी चार लेन बंद आणि खडी, वाळू, यंत्रं नेमकी कमकुवत भागावर रचलेली. आम्ही पुलावर सिमेंटची थप्पीसुद्धा ठरवलेल्या जागेखेरीज लावत नाही. माल पुलाबाहेर, लागेल तेवढाच आत. माणसं कुरकुरतात, वाहून आणावं लागतं. कुरकुरू देत.

बेअरिंग बदलण्याचं काम मिळालं तेव्हा आम्ही मोठे झालो असं मला वाटलं, आणि पहिल्या लिफ्टच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही. तीस मीटरच्या, चार गर्डरच्या गाळ्याचं एका टोकाला दीड-दोनशे टन ओझं येतं. ते उचलायचं, पण जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. त्यापेक्षा जास्त उचलण्यात कसला पराक्रम नाही. सगळे जॅक एका पंपावर, एकाच चालीने. दोन गर्डरांमध्ये एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला की मधल्या आडव्या भिंतीला आणि स्लॅबला तडा जाऊ शकतो. प्रत्येक गर्डरखाली डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) आणि एक माणूस. त्या वीस मिनिटांपुरती वाहतूक पूर्ण थांबवतात. मग मुकादम "सहा" म्हणतो, जॅकची लॉक रिंग आवळली जाते, म्हणजे ओझं तेलावरून पोलादावर येतं, आणि गाड्या हळूहळू सोडता येतात. डोक्यावरून ट्रक जात असताना आपण खाली बसून जुनं बेअरिंग ओढून काढायचं. पहिल्यांदा निघालं ते रबर कडेने फुगलेलं, चिरलेलं, आतले पोलादी पत्रे दिसत होते. जुन्या पोलादी रोलर बेअरिंगची तऱ्हा वेगळी. ती गंजून घट्ट बसतात. चाळीस मीटरचा गाळा तीस अंशांच्या फरकाने साधारण चौदा मिलिमीटर लांब-आखूड होतो. रोलर फिरला नाही तर गाळा तेवढं सगळं पिअरच्या डोक्याला ढकलतो.

एक आठवण अशी की पहिल्या लिफ्टला दाब वाढत गेला आणि गेजचा काटा हलेना. तेल गळतंय का पाहिलं, पंप तपासला. शेवटी भागीदार वर जाऊन आला: जॉइंटमध्ये दगड-माती इतकी ठासली होती की दोन गाळे एकमेकांना चिकटले होते. ज्या जॉइंटवर आम्ही पोट भरलं तोच साफ करायला विसरलो होतो.

आज आमची बावीस माणसं आहेत, स्वतःचे जॅक आहेत, गर्डरला बळकटीसाठी कार्बन फायबरचं आवरण चिकटवणारी वेगळी तुकडी आहे. पैशाचं गणित मात्र अजून तेच: काम रात्री, बिल सहा महिन्यांनी. नदीच्या पात्रातल्या पायाचं काम आम्ही घेत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला, त्यानंतर अशी विचारणा वाढली होती. पण पायाखालची माती किती राहिली हे सांगायला पाण्याखाली उतरणारी माणसं लागतात, आणि ती आमच्याकडे नाहीत. नाही म्हटल्याने दोन गिऱ्हाइकं गेली.

मागच्या हंगामात एका जुन्या पुलाचं काम आलं. निविदेत चार गर्डरना कार्बन फायबरचं आवरण लिहिलेलं, कारण चारहींना तडे. धूळ झाडताना दोन गर्डरांवर तड्याच्या आडवी काचेची छोटी पट्टी सापडली, सिमेंटने दोन्ही टोकांना चिकटवलेली. आमच्या आधीच्या कोणा इंजिनिअरने तडा वाढतोय का हे पाहायला लावलेली. शेजारी रंगाने लिहिलेली तारीख अर्धी पुसली होती, पण सिमेंटवरच्या काजळीवरून पट्टी जुनी आहे हे उघड होतं. दोन्ही काचा शाबूत होत्या. एवढी वर्षं ट्रक जाऊनही तडा केसभर हलला नव्हता. आम्ही विभागाला फोटो पाठवले आणि महिनाभर गेज लावून खात्री करून घेतली. त्या दोन गर्डरांना तड्यात नुसतं इपॉक्सी (घट्ट होणारी चिकट राळ) भरून काम झालं. बिल त्या मानाने घटलं, भागीदार दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. काचा आम्ही होत्या तिथेच ठेवल्या आणि बाजूला त्या दिवशीची तारीख रंगवली.