स्वस्त स्ट्रॅट सुधारताना पिकअप सगळ्यात शेवटी

१५-२० हजारांची स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर धाटणीची इलेक्ट्रिक गिटार, घरात आली की वर्षभरात तिच्याबद्दल तीन तक्रारी ठरलेल्या असतात. घरघर येते, सूर टिकत नाही, आवाज पातळ आहे. आणि तिन्हींवर एकच औषध सुचवलं जातं, पिकअप (तारांखालचे, कंपनाचा विजेचा सिग्नल करणारे चुंबक-कॉइल) बदला. पिकअप बदलल्याने आवाजाचा पोत बदलतो हे खरं. पण नवे पिकअपही साधे सिंगल कॉइलच, म्हणजे एका वेटोळ्याचे, असतील तर घरघर राहणार, आणि सूर टिकण्याशी पिकअपचा काडीचाही संबंध नाही. म्हणून पिकअपला हात सगळ्यात शेवटी. त्याआधीची कामं तुलनेने किरकोळ पैशांत होतात आणि वाजवताना पहिल्या मिनिटाला जाणवतात.

सुरुवात नटपासून करा, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून. उघड्या तारा ट्यूनरवर अचूक लावल्यात, तरीही पहिल्या फ्रेटवरची एफ कॉर्ड कानाला खटकते, असं होत असेल तर नटच्या खाचा उंच आहेत. तार दाबायला जास्त खाली न्यावी लागते, ती ताणली जाते आणि सूर चढतो. तपासायचं असं: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट उरते ते बघा. वर्तमानपत्राचा कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर खाच थोडी खोल करायची. नटच्या खास कानशी महाग असतात. त्यांच्याऐवजी गॅस वेल्डिंगची नोझल साफ करायच्या सुयांचा जुडगा हार्डवेअरच्या दुकानातून आणा. तारेपेक्षा किंचित जाड सुई निवडा, उतार हेडस्टॉकच्या (पेग असतात त्या टोकाच्या) बाजूला ठेवा, आणि दर चार-पाच घासण्यांनंतर तार बसवून बघा. खाच जास्त खोल गेली आणि तार पहिल्या फ्रेटवर खडखडायला लागली, तर खाचेत खाण्याच्या सोड्याची चिमूट आणि त्यावर फेविक्विकचा थेंब. सुकलं की पुन्हा घासायला घ्या. खाचेत तार अडकून ‘टिक्’ असा आवाज येत असेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. ट्रेमोलो (आर्म दाबून सूर हलवणारा ब्रिज) वापरल्यानंतर सूर बिघडतो त्याचा दोष बहुधा या अडकण्याचाच असतो आणि बोल मात्र ट्यूनिंग पेगना लागतो.

मानेचा बाक मोजायला फीलर गेज लागतो, मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात तोच, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि आठव्या फ्रेटवर तारेखाली ०.२५ मिमी फट. ट्रस रॉड (मानेच्या आतला, बाक ठरवणारा गज) एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग पुन्हा सुरात लावून मोजायचं. अॅक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) सतराव्या फ्रेटवर १.६ मिमीच्या आसपास. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड दमट हवा पिते आणि हे आकडे हलतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट होतं, फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बोटांना टोचायला लागतात. त्यामुळे जून आणि ऑक्टोबर अशी वर्षातून दोनदा मापं घेतलीच पाहिजेत.

आता घरघर. गिटार उघडण्याआधी घरातला प्लग तपासा. लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) लावून वाजवणाऱ्यांनी चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघावं. घरघर गेली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा, गिटारचा नाही. अॅम्प तीन पिनी सॉकेटमध्येच हवा आणि त्या सॉकेटला खरंच अर्थ हवा. जुन्या इमारतींमध्ये वरचं मोठं भोक असतं, पण मागे वायर नसते. इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो फेज-न्यूट्रलइतकाच, २३० च्या आसपास यायला हवा. तारांना हात लावल्यावर मुंग्या येत असतील, विशेषतः अनवाणी ओल्या फरशीवर, तर वाजवणं तिथेच थांबवा आणि आधी अर्थिंग करून घ्या. यात तडजोड नाही.

घरघरही दोन जातींची असते, आणि घरघर अडवायला गिटारच्या पोकळीत कॉपर टेप लावूनही निराश होणाऱ्यांना नेमकं हेच कोणी सांगितलेलं नसतं. एक जाड, खालच्या सुरातली ‘घूं’. ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट कॉइलमध्ये शिरते, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची म्हणून तिचा सूर जी पट्टीच्या जवळ वाटतो. तांबं तिला अडवत नाही. दुसरी ‘झर्रर्र’, पंख्याच्या रेग्युलेटरची, डिमरची, स्वस्त एलईडी दिव्यांची. ही कॉपर टेपने खरोखर कमी होते. तारांना हात लावला की आवाज बराच कमी होत असेल, तर वायरिंग बरोबर आहे आणि शिल्डिंगला (तांब्याच्या अशा आवरणाला) वाव आहे. हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर जॅकवर किंवा पिकअपच्या वायरींत गरम (सिग्नलचं टोक) आणि ग्राउंड उलटे जोडले गेलेत.

सिलेक्टर (पिकअप निवडायचा पाच जागांचा स्विच) दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर नेऊन बघा. तिथे ‘घूं’ एकदम कमी झाली तर मधला पिकअप उलट्या वेटोळ्याचा आणि उलट्या चुंबकाचा आहे. मग त्या दोन जागांवर गिटार हमबकरइतकी (घरघर दाबणाऱ्या दोन वेटोळ्यांच्या पिकअपइतकी) शांत असते. हे आधी माहीत असलं की पुढे पिकअप बदलताना मधला तसाच घ्यायचा हे लक्षात राहतं.

शिल्डिंगला ५० मिमी रुंदीची कॉपर टेप साधारण ३ मीटर पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली धुंडाळली की टेप, वायर, पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचा भाग), सोल्डर सगळं मिळतं. टेप घेताना तिचा गोंद वीजवाहक आहे का हे विचारा. साधा गोंद असेल तर जिथे पट्टीवर पट्टी चढते तिथे प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका द्यावा लागतो.

पिकगार्डचे (समोरच्या प्लास्टिकच्या पट्टीचे) स्क्रू काढा, आजच्या स्ट्रॅटला ते ११ असतात. उचलण्याआधी मोबाइलवर वायरिंगचे चार-पाच फोटो घ्या. जॅकच्या दोन वायरी आणि ट्रेमोलोच्या क्लॉकडे (मागच्या स्प्रिंगा अडकवलेल्या धातूच्या पट्टीकडे) जाणारी वायर सोडवली की पिकगार्ड वेगळा होतो. पोकळीतला लाकडाचा भुसा ब्रशने झाडून घ्या, नाहीतर महिनाभरात टेप सुटते. आधी तळ, मग भिंती, पट्ट्या एकमेकींवर ५-६ मिमी चढवत. भिंतीची पट्टी वर आणून पोकळीच्या कडेवर निदान १ सेंमी दुमडा आणि ती पिकगार्डच्या एखाद्या स्क्रूच्या भोकापर्यंत जाऊ द्या. पिकगार्डच्या मागेही टेप लावायची, पोकळीच्या आकारापेक्षा थोडी बाहेर. स्क्रू आवळला की दोन्ही तांबी एकमेकांवर दाबली जातात आणि वरखाली बंद डबा तयार होतो. अनेक स्वस्त गिटारींना पिकगार्डच्या मागे फक्त पॉटच्या भोवती फॉइलचा तुकडा असतो, तो अपुरा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून कोणत्याही पट्टीपासून दुसऱ्या कोणत्याही पट्टीपर्यंत १ ओहमच्या आत वाचन यायला हवं. शेवटी पोकळीतल्या तांब्यापासून व्हॉल्यूम पॉटच्या पाठीपर्यंत एक वायर.

यात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सिलेक्टरचे पाय तांब्याच्या भिंतीला टेकणं. पिकगार्ड बसवला की एखाद्या जागेवर आवाजच गायब होतो आणि उघडला की परत येतो. सिलेक्टरशेजारच्या भिंतीवर इन्सुलेशन टेप लावून टाका. जॅकच्या खोबणीतही तेच करा, कारण नट आवळताना जॅक फिरतो आणि टोकाचा पाय भिंतीला लागतो.

पिकगार्ड उघडा आहेच तर पॉट बघून घ्या. पॉटवर ‘बी५००के’ लिहिलेलं असेल तर बदलाच. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचा, ‘ए’ म्हणजे ऑडिओ टेपरचा पॉट लागतो. ५०० वर आवाज टोचरा होतो. ‘बी’ पॉटवर व्हॉल्यूम १० पासून ४ पर्यंत फारसा उतरत नाही आणि मग एकदम संपतो, त्यामुळे नॉबने आवाज मवाळ करायची सवयच लागत नाही. नवा २४ मिमीचा पॉट घेतलात तर त्याला साधारण ९.५ मिमीचं भोक लागतं आणि स्वस्त पिकगार्डचं भोक त्याहून लहान असतं. ड्रिल लावू नका, प्लास्टिकला तडा जातो. गोल कानशीने हळूहळू वाढवा. जुने नॉब नव्या दांड्यावर बसत नाहीत असंही होतं, कारण दात्यांची संख्या १८ आणि २४ अशी वेगळी असते. नॉब पॉटसोबतच घ्या.

पॉटच्या पाठीवर सोल्डर करणं हा या कामातला खरा अवघड भाग. २५ वॉटच्या टोकदार आयर्नने पंधरा-वीस सेकंद टेकवून ठेवावं लागतं, तोवर उष्णता आत कार्बनच्या पट्टीपर्यंत जाते आणि पॉट कायमचा खरखरतो. त्याऐवजी ६० वॉटचा आयर्न, चपटं टोक, ०.८ मिमीची ६०/४० सोल्डर. पॉटची पाठ ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने तांबूस-पांढरी चमक येईपर्यंत घासा, रेझिन फ्लक्स लावा, टोक टेकवा, तीन-चार सेकंदांत सोल्डर पाण्यासारखी पसरते. ती पसरली म्हणजे पकडली. गोळी होऊन वर बसली तर ते ड्राय सोल्डर, आज चालेल आणि कार्यक्रमाच्या दिवशी सुटेल. हे टिनिंग पॉट पिकगार्डवर बसवण्याआधीच करून ठेवायचं. क्लॉवर सोल्डर करण्यापेक्षा वायरीला रिंगचं टर्मिनल लावून क्लॉच्या स्क्रूखाली दाबणं जास्त खात्रीचं.

टोन कपॅसिटर ०.०४७ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा, अंगावर अनुक्रमे ४७३ आणि २२३ छापलेलं असतं. साधा पॉलिएस्टर पुरेसा. तेलातल्या महागड्या कपॅसिटरवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा व्हॉल्यूम पॉटच्या सिलेक्टरकडच्या आणि मधल्या पायांमध्ये १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर जोडा. व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज दबून घोगरा होतो, ते थांबतं. नुसता कपॅसिटर लावला तर उलट आवाज फार पातळ होतो, म्हणून रेझिस्टर हवाच.

पेग आणि ब्रिज (तारांची खालच्या टोकाची बैठक) बदलायचे असतील तर आधी मोजा. हेडस्टॉकची भोकं १० मिमीची की त्याहून लहान, आणि ब्रिजच्या टोकाच्या दोन स्क्रूंमधलं अंतर ५६ मिमी की ५२.५ च्या जवळ. ब्रिजखालच्या ब्लॉकची उंची आणि ट्रेमोलोच्या आर्मचे आटेही जुळायला हवेत. मापं न घेता मागवलेला ब्रिज कपाटात पडून राहतो.

एवढं झाल्यावरही आवाज हवा तसा नसेल तर पिकअपची उंची बदला. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली २.४ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी, इथून सुरुवात. फार जवळ आणले तर चुंबक तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर जाड तारा थरथरत बेसूर वाजतात आणि इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर जुळणं) काही केल्या बसत नाही. अनेकदा दोन वळणं स्क्रू खाली केल्यावर नवा पिकअप घ्यायचा विचारच मागे पडतो.

आणि तरीही नवा घेतलातच, तर सोल्डर करण्याआधी त्याचा फेज (सिग्नलची दिशा, घरातल्या विजेचा फेज नव्हे) जुन्यांशी जुळतो का बघा. काट्याचा मल्टिमीटर ओहमच्या रेंजवर पिकअपच्या दोन वायरींना लावा आणि स्क्रू ड्रायव्हरचं पातं चुंबकावर टेकवा. काटा एका बाजूला उडी मारतो, पातं ओढून काढलं की दुसऱ्या बाजूला. तिन्ही पिकअपवर टेकवताना काटा एकाच बाजूला जायला हवा. एखादा उलटा गेला तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा, नाहीतर दुसऱ्या-चौथ्या जागेवर आवाज नाकातून आल्यासारखा पोकळ येईल. पिकगार्ड बंद करण्याआधी केबल लावा, पाचही जागांवर सिलेक्टर फिरवत त्याच पात्याने प्रत्येक पिकअपवर हलकं टकटक करा. जिथे वाजायला हवं तिथे वाजलं, जिथे नको तिथे शांत राहिलं, की मगच ११ स्क्रू आणि नव्या तारा.