सतराव्या चर्चेपर्यंत

कापसाचा बोळा आगीला लागला आणि जळाला. आगीनेच तो जाळला हे कशावरून? डोळ्यांना दिसले ते एवढेच, की कापूस आगीला लागला तेव्हा जळाला. आगीमुळे जळाला, हे कुठे दिसले?

अकराव्या शतकातले इस्लामी धर्मपंडित अबू हामिद अल-गझाली यांचा हा युक्तिवाद मी पहिल्यांदा एका व्याख्यानात ऐकला. वक्ते पुढे म्हणाले, की याच माणसाने कार्यकारणभाव मोडीत काढला आणि इस्लामी जगातले विज्ञान संपवले. बी.ए.ला न्यायदर्शन शिकताना 'जिथे धूर तिथे अग्नी' मी घोकले होते. त्यामुळे हा कापूस डोक्यातून जाईना. शेवटी मूळ ग्रंथच वाचायचे ठरवले. 'तहाफुत अल-फलासिफा', म्हणजे तत्त्वज्ञांच्या मतांची विसंगती. काळ 1095 च्या आसपासचा, एकूण 20 चर्चा, आणि कापूस सतराव्या चर्चेत. एका पानावर अरबी आणि समोर इंग्रजी अशी मायकल मार्मुरा यांची आवृत्ती मिळाली.

मी थेट सतरावी चर्चा उघडली आणि तीन आठवडे तिथेच अडकले. वाक्ये कळत होती, पण भांडण कशावरून चालले आहे ते कळत नव्हते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनी आयुष्यभर अरबी शिकवली. त्यांच्याकडे गेले तर ते म्हणाले, "ताई, ज्याच्याशी भांडण आहे त्याचं म्हणणं आधी ऐका. इमामसाहेबांनीही तेच केलं." खरेच होते ते. गझालींनी आत्मकथनपर 'अल-मुन्किझ'मध्ये लिहिले आहे, की बगदादला 300 विद्यार्थ्यांना शिकवून उरलेल्या वेळात, दोन वर्षांच्या आत, त्यांनी तत्त्वज्ञांचे ग्रंथ स्वतः वाचून काढले. जवळजवळ आणखी एक वर्ष त्यावर विचार केला. एखादे मत समजून घेण्याआधी त्याचे खंडन करणे त्यांना आंधळेपणाचे वाटत होते.

म्हणून मी मागे गेले, गझाली ज्यांच्याशी भांडतात त्या तत्त्वज्ञांतल्या प्रमुखाकडे, इब्न सीनाकडे (980–1037). दर रविवारी संध्याकाळी सरांकडे बसायचे आणि वहीत मराठीत उतरवायचे. पहिलीच संज्ञा 'वाजिब अल-वुजूद'. मी 'अनिवार्य अस्तित्व' असे लिहिले, पण ते नुसते शब्द झाले. सर म्हणाले, "तुमच्या 'वाजवी'मध्ये हाच वाजिब आहे." वाजवी भाडे, वाजवी दर! मग 'सबब' आला. आपल्याकडे शाळा चुकवायला सांगतात ती सबब, आणि अरबीत सबब म्हणजे कारण. 'अक्ल' आणि 'नक्ल' ही जोडी तर मला फार आवडली. अक्ल म्हणजे बुद्धी आणि नक्ल म्हणजे परंपरेने हाती आलेले ज्ञान. आपल्या अक्कल आणि नक्कल त्यांतूनच आलेल्या. परक्या वाटणाऱ्या ग्रंथात घरचेच शब्द भेटू लागले आणि माझी भीती गेली.

इब्न सीनाचा मुद्दा असा. जगातली प्रत्येक वस्तू असू शकते किंवा नसूही शकते, म्हणून ती असायला कारण लागते. कारणांची ही साखळी शेवटी अशा एका अस्तित्वाशी पोचते, ज्याचे नसणे शक्यच नाही. इथवर गझालींचेही फारसे बिघडत नाही. पण सूर्यापासून प्रकाश निघतो तसे जग त्या अस्तित्वापासून अटळपणे निघते, म्हणून ते अनादी आहे, असे तत्त्वज्ञ म्हणतात. मग ईश्वराच्या इच्छेला जागा कुठे उरली? गझालींचा सगळा जीव या प्रश्नात आहे. पहिल्या चर्चेत ते भुकेल्या माणसापुढे अगदी सारखे दोन खजूर ठेवतात. तो कोणताही एक उचलतोच, कारण सारख्यातून एक निवडणे हेच तर इच्छेचे काम!

खजूर समजल्यावर कापूस समजला. त्याला आठ महिने लागले. इब्न सीनाने स्वतः ॲरिस्टॉटलचे 'मेटाफिजिक्स' 40 वेळा वाचले आणि ते कळले नाही. बुखाराच्या बाजारात तीन दिरहमला आधीचे तत्त्वज्ञ फाराबी यांची त्यावरची छोटी पुस्तिका मिळाली तेव्हा उलगडा झाला. ही हकीकत त्या महिन्यांत मी कितीदा आठवली असेन!

कापूस जळणार नाही, असे गझाली म्हणतच नाहीत. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडतात, पण त्यांच्यातला संबंध अटळ नाही. ईश्वराने घालून दिलेली ती रीत आहे, एवढेच ते म्हणतात. विरोधकाचा आक्षेपही ते स्वतःच मांडतात: मग घरी ठेवलेल्या पुस्तकाचा घोडा झाला नसेल कशावरून? उत्तर असे, की ईश्वराला ते शक्य आहे, पण तो तसे करत नाही, हे ज्ञानही त्यानेच आपल्याला दिले आहे. आणि ग्रंथाच्या सुरुवातीलाच ग्रहणाचा दाखला आहे. पृथ्वी मध्ये आल्याने चंद्रग्रहण होते, हे भूमितीने सिद्ध झाले आहे. धर्माच्या नावाने ते नाकारणारा धर्माचेच नुकसान करतो, असे ते बजावतात. विज्ञान संपवणारा माणूस असे लिहील का? गझालींच्याच तूस गावचे खगोलशास्त्रज्ञ नसीरुद्दीन तूसी त्यांच्यानंतर दीडशे वर्षांनी, 1259 मध्ये, इराणमधल्या मराग्याची वेधशाळा उभारायला लागले. व्याख्यानातले ते वाक्य मी वहीतून खोडून टाकले.

तरी मी गझालींच्या बाजूची झालेले नाही. स्पेनमधल्या कुर्तुब्याचा तत्त्वज्ञ इब्न रुश्द याने 'तहाफुत अल-तहाफुत'मध्ये, म्हणजे 'विसंगतीची विसंगती'मध्ये, गझालींना उत्तर दिले, की कारणे नाकारणारा बुद्धीच नाकारतो, आणि मला ते पटते. सरांना पटत नाही. सध्या आमचे तेच चालले आहे. ठरवले असे आहे, की मी आधी त्यांची बाजू लिहून वाचून दाखवायची, 'हेच म्हणायचं आहे मला' असे ते म्हणाले की मगच माझा आक्षेप.

गेल्या रविवारी दोनदा लिहून दाखवले. दोन्ही वेळा चष्मा काढून ते म्हणाले, "नाही ताई, अजून नाही."