उपाशी कुत्र्याला किती वाढावे

उपासमारीने खंगलेला कुत्रा घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात सगळ्यात अवघड काम कोणते असेल, तर ते त्याला पोटभर न वाढण्याचे. जखमा धुणे, गोळ्या भरवणे, रात्रीचे कण्हणे हे सगळे निभावून नेता येते; पण ताटलीवरून नजर न हटवणाऱ्या जनावरापुढे मोजके चार घास ठेवून उठून जाणे स्वतःच्याच मनाला पटत नाही, आणि घरातल्या माणसांना तर तो निव्वळ निर्दयपणा वाटतो. आमच्या घरी बंड्याच्या जेवणावरून बरीच वादावादी झाली. अलीकडे ओळखीतले दोघे-तिघे अशी कुत्री घरी आणल्यावर काय करावे असे विचारू लागले आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

बंड्या तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागेच्या राखणीला बांधलेला होता. बाग कसणारे कुटुंब हंगाम संपल्यावर दुसरीकडे गेले आणि कुत्रा दाव्यासकट तिथेच राहिला. शेजारचे शेतकरी येता-जाता पाणी ठेवत आणि जमेल तेव्हा भाकरी टाकत, म्हणून तो जगला. लांबट तोंड, खोल छाती आणि उंच पाय पाहता त्याच्या अंगात मुधोळ या शिकारी जातीचे रक्त आहे हे उघड दिसते. घोरपड्यांच्या संस्थानामुळे नावारूपाला आलेले कर्नाटकातले मुधोळ गाव इथून, सांगलीहून, फार लांब नाही, त्यामुळे या जातीची आणि तिच्या संकराची कुत्री आपल्याकडे वाड्या-वस्त्यांवर सर्रास आढळतात. टपाल खात्याने 2005 मध्ये ज्या भारतीय श्वानजातींवर तिकिटे काढली त्यांत मुधोळ आहे. तिकिटावरच्या त्या डौलदार कुत्र्याचे भाऊबंद दाव्याला उपाशी मरतात, याचे मात्र कुणाला फारसे काही वाटत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि त्याला सोडून देऊन हाल होऊ देणे हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्यांदा गुन्हा केला तर दंड 10 ते 50 रुपये! एवढ्या पैशांत आज सांगलीत अर्धा किलो भडंगही मिळत नाही.

आणले तेव्हा त्याचे वजन 12 किलो भरले. कुत्र्यासाठी वेगळा काटा लागत नाही. त्याला कडेवर घेऊन आपण वजनकाट्यावर उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे. त्याच्या हाडापेराचा कुत्रा सहज 20 किलोच्या पुढे असायला हवा. मुधोळसारख्या शिकारी जातीत निरोगी कुत्र्याच्याही शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसतात, त्यामुळे नुसत्या फासळ्या पाहून काही ठरवता येत नाही. पाहायचे ते कमरेवर आणि मांड्यांवर. बंड्याच्या पाठीचा मणी न् मणी वर आला होता, कटीची दोन हाडे खुंटीसारखी बाहेर निघाली होती आणि मांडीवर कातड्याखाली मांस जवळजवळ उरलेच नव्हते. पशुवैद्य शरीराची स्थिती 1 ते 9 अशा श्रेणीत मोजतात, त्यात 4 ते 5 ही उत्तम मानतात. आमच्या डॉक्टरांनी केसपेपरवर 1 लिहिले.

मग त्यांनी हिशेब मांडला. कुत्र्याच्या आजच्या वजनाला 30 ने गुणायचे आणि त्यात 70 मिळवायचे. येणारा आकडा म्हणजे नुसते पडून राहण्यासाठी शरीराला दिवसभरात लागणाऱ्या कॅलरी. बंड्यासाठी तो 430 आला. पहिल्या दिवशी त्याचा केवळ पाव हिस्सा द्यायचा, दुसऱ्या दिवशी अर्धा, मग पाऊण, आणि कुठेही उलटी, जुलाब किंवा गळाठा दिसला नाही तरच चौथ्या दिवशी पूर्ण. पाव हिस्सा म्हणजे प्रत्यक्षात किती, तर एक उकडलेले अंडे आणि वर बिनहाडाच्या शिजवलेल्या कोंबडीचे चार तुकडे, तेही एकदम नव्हे, दिवसभरात सहा वेळा वाटून. आईने ती ताटली पाहिली आणि म्हणाली, "अरे, देवाला नैवेद्य दाखवतोयस की कुत्र्याला जेवायला घालतोयस?" शेजारच्या काकूंनी तर सरळ दूध-भाकरीचा काला कालवून आणला. "एवढ्यानं काय व्हायचंय त्याचं? माझं मांजरसुद्धा यापेक्षा जास्त खातं," असे म्हणून त्या फाटकाशी उभ्या राहिल्या, आणि काला परत न्यायला लावताना मला फार ओशाळल्यासारखे झाले.

यामागचे कारण समजले की हात आवरणे थोडे सोपे जाते. खूप दिवस अन्न मिळाले नाही की शरीर आधी साठवलेली चरबी आणि नंतर स्वतःचेच स्नायू जाळून जगू लागते आणि त्या काळात फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचा साठा रिता होत जातो. रक्ततपासणीत मात्र त्यांचे प्रमाण बऱ्यापैकी दिसू शकते, त्यामुळे फसगत होते. अशा स्थितीत भाकरी, भात, बिस्किटे असे पिठूळ किंवा गोड अन्न भरपूर पोटात गेले की इन्सुलिन एकदम वाढते, आणि रक्तातले उरलेसुरले क्षार साखरेबरोबर पेशींमध्ये ओढले जातात. रक्तात त्यांची तूट पडली की स्नायू लुळे पडतात, तांबड्या पेशी फुटतात, श्वास आणि हृदयाचे ठोके बिघडतात, आणि कालपर्यंत कसाबसा जगलेला जीव पोटभर जेवल्यानंतर दोन-चार दिवसांत दगावतो. माणसांच्याही बाबतीत हे घडले आहे. एप्रिल 1945 मध्ये ब्रिटिश सैन्याने बर्गन-बेल्सनची छळछावणी मुक्त केली, तेव्हा सैनिकांनी कळवळून दिलेले जड अन्न न सोसल्यामुळे काही कैदी सुटकेनंतर मरण पावले. हे मी आईला सांगितले, तेव्हापासून तिने ताटलीला नावे ठेवणे बंद केले. काकूंची समजूत पटायला वेळ लागला.

सुरुवातीला अंडी आणि मांस, आणि भात जवळजवळ नाहीच, हा क्रम याच कारणासाठी असतो. पूर्ण हिशेब पचू लागल्यावर मऊ भात थोडा थोडा मिसळत नेला. दूध आम्ही दिलेच नाही, कारण वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि अशक्त कुत्र्याला जुलाब परवडत नाहीत. ग्लुकोजच्या बिस्किटांविषयी तर बोलायलाच नको. रस्त्यावरच्या कुत्र्याला पुडा फोडून घालणे हा आपल्याकडचा दयेचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे, आणि त्यात मैदा-साखरेपलीकडे फारसे काही नसते. पुढे कोंबडीवाल्याकडून कलेजी आणली, पण तीही बेताने, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व इतके असते की रोज भरपूर घातली तर तेही बाधते. शिजवलेली हाडे कधीच घातली नाहीत; शिजल्यावर ती ठिसूळ होऊन त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात. नुसत्या घरच्या मांस-भातात कॅल्शियम कमी पडते, म्हणून काही आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने तयार खाद्य निम्मे मिसळू लागलो.

खाणे अंगी लागायचे तर आतले आणि बाहेरचे वाटेकरी आधी काढावे लागतात. बंड्याच्या हिरड्या पांढुरक्या होत्या. निरोगी कुत्र्याच्या गुलाबी हिरडीवर बोट दाबून सोडले की साधारण दोन सेकंदांत रंग परत येतो. त्याच्या हिरडीला मुळात रंगच नव्हता. विष्ठेच्या तपासणीत अंकुशकृमी निघाले, जे आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि कानांच्या आतून, बोटांच्या बेचक्यांतून एकेक करत वाटीभर गोचीड निघाले. गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ ओढायचा, आणि बोटांनी चिरडायचा नाही. रक्ताच्या काचपट्टीवर एर्लिकिया हा गोचिडांमार्फत पसरणारा जिवाणू दिसला, म्हणजे गोचीडताप होताच. त्यावर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चार आठवडे चालल्या. ही गोळी कोरडी घशात अडकली तर अन्ननलिका भाजते, म्हणून ती घासात घालून वर पाणी पाजायची. वजन वाढत जाते तसा गोळ्यांचा डोस बदलतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दर रविवारी वजन करून ते डॉक्टरांना कळवण्याचा मोठा फायदा हाच होता. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड अंडी कुत्र्याच्या अंगावर घालत नाही, भिंतीच्या भेगांत हजारोंनी घालतो. त्यामुळे नुसता कुत्रा साफ करून भागत नाही, ओट्याखालच्या आणि चौकटीच्या फटी बुजवाव्या लागतात. जनावरांच्या गोचिडांवर गोठ्यात मारायचे औषध मात्र अशक्त कुत्र्याच्या अंगावर कुणीही आपल्या अंदाजाने ओतू नये.

गावठी सल्ल्यांची तर रीघ लागली होती. मानेत रुतलेल्या नायलॉनच्या दाव्याने गळ्याभोवती खोल चीर पडली होती आणि तिच्यात अळ्या झाल्या होत्या. सांगली म्हणजे हळदीची पेठ, त्यामुळे भेटेल त्याने हळद भरायला सांगितली. डॉक्टरांनी भोवतालचे केस कापले, अळ्या वेचल्या, सलाईनने धुऊन जखम मोकळी ठेवली. कोरडी हळद खोल जखमेत दाबली की तिचा गोळा बनतो आणि खाली पू होत असला तरी दिसत नाही. खरजेच्या चट्ट्यांवर गाडीचे जळके ऑइल चोपडण्याचा सल्ला त्याहून घातक. कुत्रा अंग चाटतो, आणि ते तेल आणि त्यातली घाण थेट त्याच्या पोटात जाते.

पण या भागात सगळ्यात जास्त सांभाळायला हवे ते बेदाण्यांपासून. रक्त वाढावे म्हणून रोज मूठभर बेदाणे खाणारी माणसे इथे घरोघरी आहेत, आणि काकूंनी एके दिवशी तासगावचे चांगले हिरवे बेदाणे निवडून, भिजवून, वाटीत घालून आणले होते. त्यांचा हेतू वाटीइतकाच स्वच्छ होता. परंतु द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील याचा अंदाज बांधता येत नाही. एखादा मूठभर खाऊन धडधाकट राहतो, एखाद्याला थोडेसेही भोवतात. द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लावर अलीकडे संशय आहे. खाल्ल्यानंतर काही तासांत उलट्या सुरू होतात, मग कुत्रा मलूल पडतो आणि लघवी कमी होत जाते. तशी वेळ आली तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. बेदाण्याच्या शेडभोवती कुत्री बांधणाऱ्या शेतकऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे. कांदा, लसूण आणि चॉकलेटही वर्ज्यच आहेत, पण ती निदान कुणी औषध म्हणून आणून देत नाही.

चरबी नसलेल्या कुत्र्याला थंडी आपल्यापेक्षा जास्त वाजते आणि फरशीवर टेकलेली हाडे दुखतात. बंड्याच्या दोन्ही कोपरांवर आणि कटीच्या हाडावर कातडी सोलवटली होती. पहिल्या रात्री घातलेले बारदान खरखरीत म्हणून आईने दुसऱ्याच दिवशी काढून टाकले आणि जुन्या लुगड्यांची गोधडी चौपदरी करून अंथरली. ती दर दोन दिवसांनी गरम पाण्यात धुतली जाई, कारण अशक्तपणामुळे त्याला वेळेवर उठवत नसे. नखे वाढून वळली होती, त्यामुळे पंजा वाकडा पडत असे. ती एकदम न कापता टोके थोडी थोडी घासत नेली, म्हणजे आतली रक्तवाहिनी मागे सरकत जाते. या सगळ्यानंतर तो प्रथमच कुशीवर, पाय ताणून झोपू लागला. तोवर तो गुंडाळी करून, एक डोळा उघडा ठेवूनच झोपत होता.

ताटलीजवळ कुणी गेले की तो गुरगुरायचा आणि मिळालेला अर्धा घास नेऊन तुळशीच्या कुंडीत पुरायचा. उपाशी राहिलेल्या जनावराला त्यावरून रागावण्यात अर्थ नाही. जेवणाच्या वेळा कडक पाळल्या, तो खात असताना ताटलीला हात लावला नाही, उलट जवळून जाताना अंड्याचा एखादा तुकडा तिच्यात टाकून पुढे निघायचे, एवढेच करत राहिलो. हळूहळू पावले ऐकली की तो शेपूट हलवू लागला. तुळशीच्या कुंडीचे मात्र व्हायचे ते नुकसान झाले.

अनोळखी कुत्रा हाताळणाऱ्याने स्वतःच्या रेबीजच्या लसीबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. दात किंवा ओरखडा लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि मग थेट दवाखान्यात जावे. बंड्याला रेबीजची लस ताप उतरल्यावर दिली, बाकीच्या लसी त्यानंतर.

वजन वाढले म्हणजे कुत्रा बरा झाला, असे मात्र होत नाही. आधी पोटावर आणि फासळ्यांवर चरबी धरते. मांड्यांचे गेलेले स्नायू चालण्यानेच परत येतात. सुरुवातीला फाटकापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, पुढे कृष्णेच्या घाटापर्यंत असा त्याचा पल्ला काही महिन्यांत वाढत गेला. सध्या त्याचे वजन 19 किलो आहे, 21 च्या आसपास थांबवायचे आहे आणि त्यानंतर नसबंदीची शस्त्रक्रिया ठरली आहे. काकूंना अजूनही त्याच्या शेवटच्या फासळ्या दिसतात आणि अजूनही त्या तुपाची पोळी घेऊन फाटकाशी येतात. मुधोळ असाच दिसायचा, हे त्यांना किती सांगितले तरी पटत नाही; अखेर पोळीचा एक चतकोर, तोही बिनतुपाचा आणि फक्त रविवारी वजन झाल्यावर, यावर तूर्त तडजोड झाली आहे.