सुगीचा सण आणि अवघड वर्षे

सांगली-मिरजेच्या पट्ट्यात फेब्रुवारी लागला की शाळू काढणीला येतो, हळदीचे कंद निघू लागतात आणि तासगावकडच्या द्राक्षबागांवर व्यापाऱ्यांच्या फेऱ्या वाढतात. याच दिवसांत आमच्या ख्रिस्ती मंडळीचा सुगीचा सण असतो. नाताळ घरोघरी साजरा होतो, ईस्टरला पहाटेची उपासना होते. परंतु नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेली माणसे रजा काढून ज्या सणासाठी गावी परततात, तो हाच. ख्रिस्तावरील विश्वास पडत्या काळात माणसे कशी धरून ठेवतात, हे मला प्रवचनांपेक्षा या वार्षिक मेळाव्यातच अधिक पाहायला मिळाले, म्हणून त्याच्या काही आठवणी लिहून ठेवाव्यात असे वाटले.

शनिवारी रात्री कीर्तन, रविवारी सकाळी उपासना आणि अर्पण, त्यानंतर साक्षी, म्हणजे ज्याने त्याने उभे राहून आपला अनुभव सांगणे, मग अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव आणि शेवटी प्रीतिभोजन, असा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. वेदीपुढे अंथरलेल्या जाजमावर शाळूच्या पेंढ्या, उसाच्या मोळ्या, गुळाच्या ढेपा, हळकुंडे, बेदाण्याच्या पिशव्या, अंड्यांच्या टोपल्या आणि पाय बांधलेले दोन-चार कोंबडे असत. खरे तर आमच्या मंडळीत स्वतःची जमीन असलेली घरे थोडीच. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, त्यानंतर आसपासच्या गावांतून जी कुटुंबे तेथे कामाला किंवा शिकायला आली, त्यांची ही पुढची पिढी. त्यामुळे परिचारिका, कंपाउंडर आणि शिक्षक यांचाच भरणा अधिक. ही मंडळी घरी केलेल्या शेवया, लोणच्याच्या बरण्या, विणलेले स्वेटर आणीत, आणि लिलावात एकच भोपळा तीन वेळा विकला जाऊन तिन्ही वेळा पुन्हा जाजमावर येई, तेव्हा आम्हा मुलांना कोण आनंद होई.

माझ्या लहानपणीचा सर्वांत ठळक सण १९७३ चा आहे. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि जत, कवठेमहांकाळ, आटपाडी या भागांतील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. रेशनवर मिळणाऱ्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी आणि मुलांना वाटली जाणारी सुकडी यांवर दिवस निघत होते. सण करावा की नाही, यावर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांमध्ये बराच खल झाला, कारण सुगीच नव्हती तर सुगीचे अर्पण आणायचे कोठून? शेवटी सण झाला. खडीच्या कामावरून आलेल्या एका मावशींनी पदरात बांधून आणलेला पसाभर मिलो जाजमावर ठेवला. आमच्या पाळकसाहेबांनी इतर वर्षी शाळूच्या राशीवर जी प्रार्थना केली असती, तीच शब्दशः त्या मिलोवर केली आणि मग हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडला. अंजिराला फुले नाहीत, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले आहे, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरू नाही आणि गोठ्यात गुरे नाहीत, असे एकेक नुकसान मोजून झाल्यावर तो संदेष्टा म्हणतो की तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. गोठा रिकामा झालेली माणसेच समोर बसली होती, त्यामुळे कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. त्या वर्षापासून हा अध्याय आमच्याकडे प्रत्येक सुगीच्या सणाला वाचला जातो, पीक उदंड आले असले तरीही.

पुढे मुलांच्या शाब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवू लागल्यावर मला आढळले की ही केवळ आमच्या पाळकसाहेबांची कल्पना नव्हती. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळांची टोपली अर्पण करणाऱ्याने काय बोलावे हे सांगितले आहे, आणि त्या बोलण्याची सुरुवात पिकाच्या कौतुकाने होत नाही. आपला पूर्वज भटका अरामी होता, तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गेला, तेथे आमचा छळ झाला, आम्ही आरोळी केली, असे सारे दुःख आधी उच्चारायचे आणि मग टोपली ठेवायची. उपकारस्तुतीच्या सणात रडगाणे कशाला, असे म्हणणाऱ्यांना मी हा अध्याय दाखवीत असे. विश्वास दृढ असेल तर संकट जवळ येत नाही, असे सांगत फिरणारे काही प्रचारक अलीकडे आपल्याही भागात येतात. त्यांचे बोलणे मला शास्त्राला धरून वाटत नाही, आणि आजारी माणसाच्या उशाशी तर ते क्रूर वाटते.

शनिवारच्या कीर्तनाला पेटी, मृदंग आणि टाळ असत. आमचे कीर्तनकार काका नारायण वामन टिळकांचे आख्यान फार रंगवून लावीत. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांची व पत्नी लक्ष्मीबाईंची ताटातूट झाली. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. काका आख्यानाचा हा मधला काळ मुद्दाम लांबवीत आणि सांगत की एका घराला इतकी वर्षे वाट पाहावी लागली, आपण मात्र एका आठवड्यात देवाकडे उत्तर मागतो. टिळक अखेरच्या काळात शेजारच्या साताऱ्यात राहिले आणि १९१७ मध्ये तेथेच त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, हे सांगताना काकांचा आवाज अभिमानाने चढे.

या सर्व क्रमात मला सर्वांत मोलाची वाटते ती साक्षींची वेळ. वडील मंडळींनी तिला एक नियम घालून दिला होता: साक्ष देणाऱ्याला मधे टोकायचे नाही, आणि तुझ्यावर हे दुःख का आले याचे कारण कोणीही सांगायचे नाही. एका वर्षी, आयुष्यभराची पुंजी एका पतसंस्थेत अडकून बसलेले एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, “मला सध्या प्रार्थना करता येत नाही. तुम्ही करा.” एवढे बोलून ते खाली बसले. आमच्या मंडळीतील निवृत्त परिचारिका, ज्यांना सगळे सिस्टरआत्या म्हणत, त्या उठल्या आणि म्हणाल्या, “दादा, तुम्ही नुसते येऊन बसत जा, म्हणायचे ते आम्ही म्हणू.” मार्काच्या शुभवर्तमानात कफर्णहूमच्या त्या घराचे छप्पर उघडून चौघांनी पक्षाघाती माणसाला खाली सोडले, तेव्हा येशूने त्या वाहून आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असे लिहिले आहे, खाटेवरच्या माणसाने काही म्हटल्याची नोंद नाही. ते गृहस्थ त्यानंतर बराच काळ मागच्या बाकावर गप्प बसून राहत, गीत चालू असतानाही त्यांचे ओठ हलत नसत. कोणीही त्यांना त्याबद्दल विचारले नाही. हळूहळू ते गाऊ लागले आणि पुढे पंचांमध्येही निवडून आले.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांपुढे गेले आणि आमच्यापैकी अनेकांची घरे पाण्याखाली गेली. त्यानंतरच्या फेब्रुवारीतील सणाला जाजमावर फारसे काही नव्हते. भिजून वाळलेल्या, पाने फुगलेल्या पवित्र शास्त्राच्या प्रती मात्र बऱ्याच जणांच्या हातात होत्या. महिन्याभरातच टाळेबंदी आली. त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि ईस्टर आम्ही मोबाईलच्या पडद्यावर पाळले. १६ नोव्हेंबर २०२० रोजी प्रार्थनास्थळे उघडली खरी, पण २०२१ चा सण मोजक्या माणसांत, प्रीतिभोजनाशिवाय उरकावा लागला आणि लगेच दुसरी लाट आली. आप्तांचे चेहरेही न पाहता आम्हाला कित्येकांना मातीत ठेवावे लागले. सिस्टरआत्या त्यांतच गेल्या.

२०२२ च्या सणाला प्रभूमध्ये निद्रिस्त झालेल्यांची यादी वाचली गेली. एरवी दोन-चार नावांत संपणारी ती यादी संपता संपेना. आमच्या तरुण पाळकांनी त्या दिवशी प्रवचन केले नाही. त्यांनी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले. त्या स्तोत्राला दिलासा देणारा शेवट नाही, ते अंधारातच थांबते. आणि तरीही ते आरंभापासून अखेरपर्यंत देवालाच उद्देशून आहे. मग नेहमीप्रमाणे हबक्कूक वाचला गेला. त्या दोन वाचनांनंतर ज्यांनी आपली माणसे गमावली होती ते एकेक करून उठले आणि त्यांनी आपापले अर्पण जाजमावर नेऊन ठेवले. देवाने आपल्याला वाचवले, असे त्या दिवशी कोणी म्हटले नाही, कारण न वाचलेल्यांची मुले समोर बसली होती. देव आपल्याला सोडून गेला, असेही कोणी म्हटले नाही.

आता सणाचा कार्यक्रम आटोपशीर करून सारे एका दिवसात बसवावे, आणि त्यासाठी साक्षींची वेळ वगळून तिच्या जागी संगीताचा कार्यक्रम ठेवावा, अशी सूचना तरुण संघाकडून आली आहे. परगावहून येणाऱ्यांची अडचण मला कळते, आणि मुले गातातही सुरेख. कीर्तन तासाभराचे केले तरी चालेल, लिलाव लवकर आटोपला तरी हरकत नाही, जेवणात दोन पदार्थ कमी झाले तरी कोणी रागावणार नाही. साक्षींची वेळ मात्र आहे तेवढी राहू द्यावी, आणि तिचा नियमही आहे तसाच राहावा, अशी माझी पंचांना कळकळीची विनंती आहे. यंदाही कोणाला तरी उभे राहून, आपल्याला प्रार्थना करता येत नाही, असे सांगायचे असेल.