पेनल्टी संपेपर्यंत उठणार नाही म्हणाला

१८ डिसेंबर २०१८, अल ऐनचं हझ्झा बिन झायेद स्टेडियम, फिफा क्लब वर्ल्ड कपची सेमीफायनल, अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट विरुद्ध अल ऐन. फुटबॉल बघणाऱ्यांना ही मॅच आठवत असेलच. मी तिथे होतो पण मी ती बघितली नाही. प्रेक्षकांच्या मेडिकल टीममध्ये पॅरामेडिक होतो आणि आमची उभी राहायची पद्धत म्हणजे मैदानाकडे पाठ, स्टँडकडे तोंड. खेळाडूंसाठी वेगळी टीम असते, टीव्हीवर धावत जाताना दिसते ती. आम्ही जिन्याच्या तोंडाशी, पाठीवर बॅग, कानात रेडिओ, आणि नजर हजारो चेहऱ्यांवर. गोल झाला की नाही हे चेहऱ्यांवरूनच कळतं. रिव्हरच्या पिटी मार्टिनेझची सेकंड हाफमधली पेनल्टी बारवर आदळली ते मी बघितलं नाही, समोरच्या सगळ्या रिव्हरवाल्यांचे हात एकदम डोक्यावर गेले ते बघितलं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्या वेळी हा कप सात टीमचा असायचा, सहा खंडांचे चॅम्पियन क्लब आणि यजमान देशाचा एक. अल ऐन हा यजमान संयुक्त अरब अमिरातीचा क्लब, पहिल्याच मॅचला न्यूझीलंडच्या टीम वेलिंग्टनविरुद्ध ०-३ मागे पडून ३-३ केलं आणि पेनल्टीवर जिंकले, मग ट्युनिसच्या एस्पेरान्सला ३-० हरवलं. समोर रिव्हर, दक्षिण अमेरिकेचे चॅम्पियन. नऊच दिवस आधी त्यांनी त्यांच्याच शहरातल्या बोका ज्युनियर्सला कोपा लिबर्तादोरेसच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या क्लब स्पर्धेच्या, फायनलला हरवलं होतं, तेही माद्रिदला, कारण ब्युनोस आयर्समध्ये बोकाच्या बसवर हल्ला झाला म्हणून मॅच थेट स्पेनला हलवली होती. युरोपातल्या लोकांना या कपचं फार कौतुक नसतं, हे मी बऱ्याच ड्युट्यांवर बघितलंय. दक्षिण अमेरिकेतले लोक मात्र यासाठी घरचं सोनं विकून येतील असं वाटावं असे येतात. इतक्या लांबून आलेले, त्यात बरेच वयस्कर, झोप नाही, जेवण वेळेवर नाही, बीपीच्या गोळ्या हॉटेलवर. आमच्या कंत्राटदाराच्या ब्रीफिंगमध्ये मात्र गर्दी, उष्माघात, चेंगराचेंगरी यावरच सगळा वेळ गेला. स्पॅनिश बोलणारा एकही माणूस आमच्या टीमला दिला नव्हता, "छातीत दुखतंय का" एवढं लिहिलेलं कार्डसुद्धा नाही. मला याचा तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो, कारण हा धोका कोणाला माहीत नव्हता असं नाहीये. २००६ च्या वर्ल्ड कपला म्युनिक आणि आसपासच्या हृदयाच्या इमर्जन्सी मोजल्या होत्या, जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी त्या २.६६ पट झाल्या, पुरुषांमध्ये ३.२६ पट. आणि १९९८ ला इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरलं तेव्हा तो दिवस आणि पुढचे दोन दिवस इंग्लंडमध्ये हार्ट अटॅकच्या अॅडमिशन २५ टक्के वाढल्या होत्या. हे सगळं छापून आलेलं आहे.

तर एक्स्ट्रा टाइमचा शेवट, स्कोअर २-२. बर्गने तिसऱ्याच मिनिटाला अल ऐनला पुढे नेलं, बोरेने रिव्हरसाठी दोन मारले, हाफटाइमनंतर अल ऐनच्या कायोने बरोबरी केली, आणि मग काहीच नाही. सगळ्या रांगेचे हात डोक्यावर, एका माणसाचा हात छातीवर. मूठ वळून छातीच्या मधोमध. ही खूण आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात आणि खरी केस असली की ती अगदी तशीच दिसते. साठी ओलांडलेला, चेहरा राखाडी, डिसेंबरच्या गार रात्रीत कपाळावर घामाचे थेंब. शेजारी मुलगा, तो मैदानाकडेच बघतोय.

मी वर चढलो, पार्टनर फिलिपिनो होता, तो मॉनिटर घेऊन मागे. मुलाला बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं. म्हणाला बाबांना मघापासून दुखतंय, डावा हात जड वाटतोय. बीपी १५०/९०, नाडी १०४. म्हटलं आत्ता उठवू, आत ईसीजी काढू, लगेच हॉस्पिटल. मुलाने सांगितलं, म्हाताऱ्याने मान हलवली, नाही. परत सांगितलं. त्याने माझा हात धरला आणि काहीतरी बोलला, मुलगा रडवेला होऊन म्हणाला, पेनल्टी संपेपर्यंत उठणार नाही म्हणतायत. १९८६ ला रिव्हरने टोकियोत स्टेआउआ बुखारेस्टला हरवून जगज्जेत्या क्लबचा मान मिळवला होता ना, ते त्याने मध्यरात्री टीव्हीवर बघितलेलं, २०१५ ला योकोहामात बार्सिलोनाकडून हरले तेही बघितलेलं.

आता बाहेरच्या माणसाला वाटतं की उचला आणि न्या. शुद्धीवर असलेल्या, सगळं समजणाऱ्या माणसाला जबरदस्तीने नेता येत नाही, आणि समजा नेलं तर तो धडपडणार, ओरडणार, उंच पायऱ्यांवर स्टेअर चेअरवरून (जिन्यावरून रुग्ण न्यायची खुर्ची) पडण्याची भीती, आणि ज्या हृदयाला आराम द्यायचाय त्याच्यावरच सगळा ताण. दुसऱ्या बाजूला प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरतोय. समोर हे दोनच रस्ते दिसत होते, तिसरा मीच काढला. मुलाला सांगितलं, बाबांना विचार, मी तुम्हाला या दहा पायऱ्या खाली जिन्याच्या तोंडाशी नेतो, तिथून गोल दिसतो, तुम्ही खुर्चीत बसून बघा, पण पॅड लावू द्यायचे, ईसीजी काढू द्यायचा, गोळी चावायची, आणि शेवटची पेनल्टी झाली की एक शब्द न बोलता स्ट्रेचरवर. म्हाताऱ्याने लगेच हो म्हटलं.

अॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावायला दिली. ब्लँकेटच्या आडोशाने शर्ट उघडून बारा लीड लावले. हे गर्दीत करणं फार कठीण असतं, घामाने इलेक्ट्रोड सुटतात, आधी टॉवेलने कोरडं करायचं, केस असतील तर रेझर फिरवायचा, माणूस श्वास जोरात घेत असेल तर बेसलाइन नाचते. पार्टनरने ते सुंदर केलं, पहिल्या प्रिंटमध्ये स्वच्छ ट्रेस. व्ही-५, व्ही-६ या लीडना थोडं एसटी (ईसीजीच्या रेषेचा एक तुकडा) खाली, बाकी काही नाही. म्हणजे नक्की अटॅक असं म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरिन तोंडात फवारायच्या आधी मुलाकडून बापाला विचारून घ्यायला लागलं की गेल्या दोन दिवसांत व्हायग्रासारखं काही घेतलंय का, कारण घेतलं असेल तर बीपी धाडकन पडतं. मुलाने मान खाली घालून विचारलं, बापाने सरळ उत्तर दिलं, नाही. रेडिओवर अॅम्ब्युलन्स गेटला आणून ठेवली, हॉस्पिटलला कॅथलॅबची (हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडतात ती खोली) कल्पना दिली. म्हणजे त्या सात-आठ मिनिटांत आम्ही नुसते थांबलो नव्हतो.

पेनल्टी सुरू झाल्या. मी मॉनिटरकडे बघत होतो. प्रत्येक किकला नाडीचा आकडा चढायचा, ११०, ११८, १२४. दोन्हीकडचे मारत होते. मग रिव्हरच्या एन्झो पेरेझची अल ऐनचा गोलकीपर खालिद ईसाने अडवली आणि समोरचा अख्खा स्टँड गप्प झाला आणि बाकीचं स्टेडियम फुटलं, ५-४, यजमान क्लब फायनलला. म्हातारा रडला नाही, ओरडला नाही. स्ट्रेचरकडे बोट दाखवलं. दिलेला शब्द पाळला त्याने.

आत नेऊन दुसरा ईसीजी काढला. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी वर, एव्हीएलमध्ये खाली. आता शंकाच नाही, हार्ट अटॅक. उजव्या बाजूचं लीड लावून बघितलं, बीपी पडू नये म्हणून दुसरा फवारा दिला नाही, अॅम्ब्युलन्समध्ये चढवलं, प्रिंट पुढे पाठवली. हँडओव्हर करताना शुद्धीवर होता, नाडी होती, बीपी होतं. त्यापुढचं मला माहीत नाही. स्टेडियमवाल्यांना कोणी कळवत नाही, रुग्णाची माहिती खाजगी असते हे मान्य, पण आपण केलेलं बरोबर होतं का हे शिकायचं कुठून? चार दिवसांनी अबू धाबीत रिव्हरने जपानच्या काशिमाला ४-० हरवून तिसरा नंबर घेतला, अल ऐन रिअल माद्रिदकडून १-४ हरले.

सुपरवायझरने रिपोर्ट वाचून "नकाराची वेळ लिहिलीये ना, मग झालं" एवढंच म्हटलं. त्याचा रस कागदात होता. मला बोलायचं होतं ते चेचीशी, आमच्या टीममधली सगळ्यात सिनियर मल्याळी नर्स, बरीच वर्षं कार्डियाक आयसीयूत काढलेली. ती म्हणाली, तू त्याला पर्याय दिलास तिथेच चुकलं, नाही म्हटल्यावर मुलाला बाजूला घेऊन घाबरवायचं, मुलगा बापाला उठवतोच. मी म्हटलं, त्या पायऱ्यांवर बाप-लेकाचं भांडण लावलं असतं तर पहिला ईसीजी तरी मिळाला असता का? तोच ईसीजी होता म्हणून दुसऱ्यातला बदल हॉस्पिटलला लगेच दिसला. ती म्हणाली, आणि पहिल्याच ईसीजीला अटॅक दिसला असता तर? तेव्हाही पेनल्टी बघू दिल्या असत्या?

यावर माझं उत्तर अजून तयार नाही. मी कोल्हापूरचा आहे, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारच्या मॅच बघत वाढलो, आमच्या पेठेतला कुठलाही म्हातारा हेच बोलला असता आणि त्यालाही मी ओढून नेलं नसतं असं वाटतं. पण मग तो निर्णय पॅरामेडिकचा होता की फुटबॉलवेड्या पोराचा, हे मला ठरवता येत नाही. चेची म्हणते फरक पडत नाही, ट्रेस वाच आणि हल. पहिला ट्रेस वाचूनच मी थांबलो होतो, हे तिला मान्य आहे, थांबणं मान्य नाही.