जुलैच्या मॅचला स्वेटर न्या: सॅन फ्रान्सिस्कोचं ओरॅकल पार्क

जून-जुलैत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीवेल, फ्रीमाँटकडे पारा कधीकधी तिशी ओलांडतो. भारतातून दोन-तीन महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला बेसबॉलची मॅच बघायला जायचं ठरतं, आणि मंडळी घराबाहेरची हवा बघून कपडे घालतात. बाबा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, आई सुती पंजाबी ड्रेसमध्ये. नऊपैकी सहाव्या इनिंगपर्यंत सूर्य गेलेला असतो, वारा सुटलेला असतो, आणि स्टेडियममधल्या दुकानात नारिंगी-काळ्या जाड स्वेटशर्टसाठी रांग लागते. गरजवंताला अक्कल नसते, हे त्या दुकानाला पक्कं ठाऊक आहे.

ही थंडी अपवाद नाही, तोच इथला नेम आहे. कॅलिफोर्नियाच्या आतल्या खोऱ्यात उन्हाळ्यात हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला पॅसिफिकवरची गार, दमट हवा गोल्डन गेटच्या खिंडीतून आत ओढली जाते. आत जितका उकाडा, तितका इकडे वारा. म्हणून इथला खरा उबदार काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा, आणि जुलैची रात्र पाचगणीच्या हिवाळ्यासारखी. रात्रीच्या मॅचला पूर्ण बाह्यांचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट आणि वडीलधाऱ्यांसाठी कानटोपी हवीच. एक जाड कोट नेण्यापेक्षा असे दोन थर बरे, कारण दुपारी चारला निघताना घाम आणि रात्री नऊला हुडहुडी, दोन्ही एकाच दिवसात अनुभवायचं असतं.

ओरॅकल पार्कवर खेळणाऱ्या जायंट्स संघाचं आधीचं मैदान, कॅंडलस्टिक पार्क, या वाऱ्यासाठी बदनाम होतं. तिथे जादा इनिंगपर्यंत चाललेली रात्रीची मॅच शेवटपर्यंत बसून बघणाऱ्यांना १९८३ मध्ये क्लबने चक्क बिल्ले वाटले होते! त्यावर लॅटिनमध्ये लिहिलेलं होतं: आलो, पाहिलं, जगलो. २००० साली नवं मैदान बांधताना हा धडा लक्षात ठेवला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत वाऱ्याचा अभ्यास करून इमारतीची दिशा अशी ठरवली, की मुख्य प्रेक्षागारच पश्चिमेचा वारा अंगावर घेईल. त्यामुळे खालच्या मजल्यावर मागच्या रांगांत बसलेल्यांना वारा कमी लागतो, तर सगळ्यात वरच्या मजल्याच्या टोकाला तो पुरेपूर. नाव तेव्हा पॅसिफिक बेल पार्क होतं. प्रायोजक बदलले तशी पाटीही बदलत गेली, आणि २०१९ पासून ती ओरॅकलची आहे. जुने लोक एटी अँड टी पार्क म्हणाले तर ते हेच.

जागा निवडताना क्रिकेटची सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. बेसबॉलमध्ये खेळ एकाच कोपऱ्यातून, होम प्लेटवरून (बॅटर उभा राहतो ती जागा) सुरू होतो आणि पंख्यासारखा पुढे उलगडतो. प्लेटच्या मागे बसलं तर पिचरचा, म्हणजे इथल्या बोलरचा, बॉल वळताना दिसतो. पिचरकडे तोंड करून उभ्या असलेल्या बॅटरच्या दृष्टीने उजवीकडे पहिला बेस, म्हणजे धावताना गाठायचा पहिला टप्पा, डावीकडे तिसरा. जायंट्सचा डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, तिसऱ्या बेसच्या बाजूला आहे, त्यामुळे त्यांचे खेळाडू जवळून बघायचे असतील तर त्या बाजूची तिकिटं घ्या. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी मात्र खालच्या महागड्या जागांच्या मागे लागू नये. वरच्या मजल्यावर होम प्लेटच्या मागे, ३१५ क्रमांकाच्या आसपास, निम्म्याहून कमी पैशांत सगळा खेळ नकाशासारखा समोर दिसतो, आणि शिवाय खाडी व बे ब्रिजही. चढण मात्र खडी आहे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी त्याच भागातली पुढची रांग बघावी किंवा खालचा मजला.

दुपारच्या मॅचला गणित उलटं होतं, तेव्हा प्रश्न उन्हाचा असतो. प्लेटवरून मैदानाचा मध्य साधारण पूर्वेला आहे. म्हणजे पहिल्या बेसच्या बाजूचे प्रेक्षक उत्तरेकडे तोंड करून बसतात आणि सावली त्यांच्याकडे लवकर येते. तिसऱ्या बेसच्या बाजूला ऊन अंगावर, आणि सीमेपलीकडच्या ब्लीचर्समध्ये, म्हणजे पाठ टेकायला न मिळणाऱ्या बाकांवर, ते थेट डोळ्यांत. समुद्राच्या वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि घरी गेल्यावर नाक लाल झालेलं दिसतं, तेव्हा सनस्क्रीन विसरू नका.

तिकीट कागदावर मिळत नाही. ते लीगच्या बॉलपार्क अॅपमध्ये येतं. तिथून ते घरीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. गेटवर हजारो लोक एकाच वेळी नेटवर्कवर असतात आणि नेमकं तेव्हाच अॅप पासवर्ड मागतं. स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नका. पाच जणांची तिकिटं एकाच्या फोनवर असतील तर पाचही जणांना एकत्र आत जावं लागतं, त्यामुळे उशिरा येणाऱ्याचं तिकीट त्याच्या नावावर आधीच पाठवून द्या. किमती मागणीप्रमाणे बदलतात. सोमवार-मंगळवारची रात्र आणि फारशी ओळख नसलेला पाहुणा संघ असेल तर तिकीट स्वस्त. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्धची मॅच सगळ्यात महाग. हे दोन्ही संघ १९५८ मध्ये एकदमच न्यूयॉर्कहून इकडे आले आणि भांडण सोबत घेऊन आले. त्या दिवशी निळा, म्हणजे डॉजर्सच्या रंगाचा, शर्ट टाळलेला बरा. हंगामात घरच्या मैदानावर ८१ मॅच असतात, मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, त्यामुळे एखादी हुकली तर हळहळण्याचं कारण नाही.

गाडीने जाणं हा सर्वांत वाईट पर्याय आहे. पार्किंग तिकिटाहून महाग पडू शकतं, आणि बाहेर पडायला पाऊण तास जातो. दक्षिणेकडून येणाऱ्यांनी कॅलट्रेन ही लोकल रेल्वे घ्यावी. २०२४ पासून ती विजेवर धावते, आणि सॅन होजेहून एक्स्प्रेस मिळाली तर साधारण तासाभरात शेवटचं स्टेशन येतं. तिथून मैदान पायी पाच-सात मिनिटांवर. चूक होते ती क्लिपर या भाड्याच्या कार्डाची: चढण्यापूर्वी प्लॅटफॉर्मवर टॅप करायचं आणि उतरल्यावरही करायचं. गर्दीबरोबर वाहत जाताना दुसरा टॅप राहतो आणि जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. फ्रीमाँटकडून बार्टने, म्हणजे इथल्या मेट्रोने, आलात तर एम्बार्कडेरो स्टेशनला उतरा, बार्टच्या गेटमधून बाहेर पडून म्युनीच्या (शहरातल्या ट्रामच्या) वेगळ्या गेटमधून आत जा आणि एन मार्गाची गाडी घ्या. थांबा सेकंड अँड किंग. गुडघे ठीक असतील तर एम्बार्कडेरोहून पाण्याच्या कडेने चालत जा, २०-२५ मिनिटं लागतात आणि तो रस्ता सुंदर आहे. परतीला फ्रीमाँटची थेट बार्ट रात्री उशिरा नसते, वाटेत गाडी बदलावी लागते.

आता मराठी माणसाचा मुख्य प्रश्न: डबा नेता येतो का? येतो. अमेरिकेतल्या पुष्कळ मैदानांवर जमत नाही ते इथे चालतं. पोळी-भाजीची गुंडाळी, ठेपले, चिवडा, कापलेली फळं, सीलबंद प्लास्टिकची पाण्याची बाटली हे सगळं आत जातं. काचेची बाटली, कॅन आणि चहाचा स्टीलचा थर्मास गेटवर अडवतात. डबाही स्टीलचा न नेता फॉइलमध्ये किंवा झिपच्या पिशवीत न्या. बॅगेची कमाल मर्यादा १६ × १६ × ८ इंच आहे, आणि पाठीवरची सॅक घरीच ठेवा, कापडी पिशवी पुरते. नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून निघण्याआधी क्लबच्या साइटवर एकदा नजर टाका. आत पैसे कार्डाने किंवा फोनने द्यायचे, नोटा चालत नाहीत.

डबा असला तरी गार्लिक फ्राइज घ्याच. जवळच्या गिलरॉय गावच्या लसणाची ओळख सांगणारा हा पदार्थ इथली खूण आहे. बारीक चिरलेला लसूण आणि कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली, एवढंच त्यात असतं, पण लसूण इतका, की आपल्या ठेच्यालाही लाज वाटावी. कडक शाकाहारी असाल तर त्याच तेलात चिकन तळतात का हे काउंटरवर विचारून घ्या. बाकी पिझ्झा, हालापेन्यो घातलेले नाचोज, मिठाचा प्रेट्झेल यांवर भागतं. रांगा टाळायच्या तर तिसरी इनिंग चालू असताना उठा, कारण इनिंग संपताच सगळे एकदम येतात.

क्रिकेटवाल्याला खेळ कळायला पंधरा मिनिटं पुरतात. तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा टप्प्यात असूनही सोडलेले चेंडू) म्हणजे बॅटर आऊट, चार ‘बॉल’ (टप्प्याबाहेरून गेलेले, न मारलेले चेंडू) म्हणजे तो फुकट पहिल्या बेसवर, तीन आऊट झाले की डाव पलटतो, आणि असं नऊ वेळा. घरचा संघ नेहमी नंतर बॅटिंग करतो, म्हणून तो पुढे असेल तर नवव्या इनिंगचा उत्तरार्ध खेळलाच जात नाही. बरोबरी राहिली तर जादा इनिंग, अनिर्णित काही नाही. २०२३ पासून पिचरला घड्याळ लागलं आहे: बेसवर कुणी धावपटू नसेल तर १५ सेकंद, नाहीतर आता १८. मॅच त्यामुळे अडीच-पावणेतीन तासांत आटोपते. २०२६ पासून डीआरएससारखी सोयही आली आहे. बॉल की स्ट्राइक यावर शंका आली तर बॅटर, पिचर किंवा कॅचर (इथला विकेटकीपर) डोक्यावर थोपटतो आणि यंत्राचा निकाल मोठ्या पडद्यावर येतो. प्रत्येक संघाला असे दोन आक्षेप, बरोबर ठरला तर तो शिल्लक राहतो. डगआउटकडे बघून सल्ला घ्यायला मात्र बंदी.

या मैदानाची खरी गंमत उजव्या कोपऱ्यात आहे. तिथे जमीनच संपते. पाण्यामुळे जागा अपुरी पडली, म्हणून प्लेटपासून उजव्या खांबापर्यंत फक्त ३०९ फूट, म्हणजे ९४ मीटर अंतर आहे. त्याची भरपाई म्हणून भिंत २४ फूट उंच, आणि २४ हा जायंट्सचा लाडका खेळाडू विली मेज याच्या पाठीवरचा आकडा. त्या खांबापासून मध्याकडे सरकलं की सीमा झपाट्याने मागे जाते आणि ४१५ फुटांवर पोचते. विटांच्या भिंतीवरून बॉल कुठेही उडतो, फील्डर धावत राहतो आणि बॅटर तिसऱ्या बेसवर पोचतो, म्हणून त्या भागाला ट्रिपल्स अॅली म्हणतात. डावखुऱ्या बॅटरने ओढून मारलेला बॉल भिंत ओलांडून थेट खाडीत पडला, की भिंतीवर अशा फटक्यांची मोजणी दाखवणारा आकडा एकाने वाढतो, पण तो फक्त जायंट्सच्या फटक्यांसाठी. जायंट्सच्या बॅरी बॉण्ड्सने एकट्याने ३५ वेळा हे केलं. खाडीत छोट्या होड्या घेऊन लोक बॉल पकडायला टपून असतात. रात्रीची गार, जड हवा मात्र बॉलला पाडते, दुपारी जो होम रन (आपला षटकार) झाला असता तो रात्री सीमेजवळ झेल होतो.

स्टँडमध्ये आलेला बॉल परत द्यायचा नसतो. तो पकडणाऱ्याचा, आणि शेजारी लहान मूल असेल तर त्याला देण्याची रीत आहे. जाळी पुष्कळ पुढपर्यंत आहे, तरी तिच्यावरून फाउल बॉल, म्हणजे रेषेबाहेर गेलेले फटके, येतात. बॅटर तयार असताना मोबाइलमध्ये डोकं घालू नका. खालच्या मजल्यावर खेळ चालू असताना जागेवर जाऊ नका, कर्मचारी थांबवतात. बॅटरचं काम संपेपर्यंत थांबायचं आणि मग सरकायचं.

तिकीट न काढताही थोडं बघता येतं. उजव्या भिंतीत कमानी आहेत, बाहेर खाडीलगतच्या पायवाटेवरून जाळीआडून मैदान दिसतं, फुकट. गर्दी असेल तर तीन इनिंगनंतर दुसऱ्यांना जागा द्यायची. नवख्याने आधी तिथे उभं राहून खेळ आवडतो का ते बघावं, मग खिशात हात घालावा.

आठव्या-नवव्या इनिंगला आकाशात समुद्रपक्षी घिरट्या घालू लागले की समजा, मॅच संपत आली. प्रेक्षक उठले की खाली पडलेल्या फ्राइजवर ते उतरतात, उघड्या पुड्यावर डोळा ठेवतात. परतीच्या रेल्वेची वेळ आधीच बघून ठेवा, आणि मॅच जादा इनिंगमध्ये गेलीच तर दहावी चालू असतानाच ठरवा, शेवट बघायचा की गाडी पकडायची. सेकंड अँड किंगच्या थांब्यावर त्या वेळी दादरच्या पुलासारखी गर्दी असते, म्हणून म्युनीची वाट बघण्यापेक्षा एम्बार्कडेरोपर्यंत चालत जा. वारा पाठीवर किंवा डाव्या कुशीवर असेल, तेव्हा कानटोपी घाला.