पलंगाखालचं मांजर

"मांजर आणून आठ दिवस झाले, पण पलंगाखालून बाहेरच येत नाही. तुमची चिंगी कशी मांडीवर येऊन बसते? काय केलंत तुम्ही?" महिन्यातून दोनदा तरी मला हे कोणी ना कोणी विचारतं. सोसायटीतलं कोणी, भाचीची मैत्रीण, एकदा तर आमच्या भाजीवाल्या मावशी. फोनवर मी एवढंच सांगते, "राहू दे तिला पलंगाखाली." त्याने कोणाचं समाधान होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

चिंगी आमच्याकडे आली २०१९ च्या जुलैमध्ये. डोंबिवलीत पावसाने झोडपलेलं, आणि ही पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या कव्हरखाली चिंब भिजून बसलेली. पाचेक महिन्यांची असेल, अंगावर तीन रंग. टॉवेलात गुंडाळून वर आणली. खाली ठेवली मात्र, ती पलंगाखाली पसार. बॅगांच्या मागे, भिंतीला चिकटून. अकरा दिवस ती तिथेच होती. रात्री सगळे झोपले की खायची, मातीच्या ट्रेमध्ये जाऊन यायची, आणि पुन्हा आत.

पहिल्या दोन दिवसांत मी जे जे केलं ते चुकलं. सारखी वाकून बघायचे, "ये गं माऊ, ये ना" म्हणत हात आत घालायचे. एकदा झाडूने बॅग बाजूला सरकवली, तेव्हा ती अशी फिसकारली की मी दचकून मागे झाले. कान डोक्याला चिकटलेले, डोळे काळेभोर. मला वाटलं, तापट दिसतेय. आमच्या डॉक्टरबाईंनी समजावलं की पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना त्याला माणसाचा हात, आवाज, वास सवयीचा झाला, तर माणूस त्याला आपला वाटतो. हिचे ते दिवस रस्त्यावर गेलेत. "ती चिडलेली नाही हो, घाबरलेली आहे. तिला पळायला वाट ठेवा, म्हणजे ती पळायची थांबेल."

हे मी मनावर घेतलं. बेडरूमचं दार उघडं ठेवलं, बॅगा होत्या तशाच राहू दिल्या. रोज संध्याकाळी साडेसातला मी पलंगापासून चार हातांवर फरशीवर बसायचे, तिच्याकडे पाठ करून, मेथी नाहीतर गवार निवडत. बोलायचे ते हळू आवाजात, आणि तिच्याशी नव्हे, आपलं आपल्याशीच. शेजारी वाटीत उकडलेल्या बांगड्याचा काटे काढलेला तुकडा. त्यात मीठ-हळद काही नाही, आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही, मांजरांना ते विष आहे. दूधही मी ठेवत नव्हते. मांजर म्हटलं की आपण आधी दुधाची बशी पुढे करतो, पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही, पोट बिघडतं. वाटी रोज वीतभर माझ्या जवळ सरकायची. वेळ तीच, जागा तीच, साडीचा वासही तोच. मांजर उंदीर मारतं हे आपल्याला ठाऊक असतं. पण ते स्वतःही छोटं जनावर आहे, मोठ्यांच्या तोंडी जाऊ शकतं, हे आपण विसरतो. पुढे काय होणार हे कळलं की त्याचा जीव थाऱ्यावर येतो.

बाराव्या दिवशी गवार निवडताना कोपराला काहीतरी लागल्यासारखं वाटलं. मी वळले नाही. एक बोट तेवढं जमिनीलगत, तिच्या नाकाच्या उंचीवर धरलं आणि थांबले. हात नेऊन लावायचा नसतो. वीतभर अंतर सोडायचं, ते तिचं तिने कापायचं. तिच्या मिशा पुढे आल्या, ओलं गार नाक बोटाच्या टोकाला टेकलं आणि लगेच मागे गेलं. पुन्हा टेकलं. मग तिने मान वाकडी करून अख्खा गाल बोटावरून घासत नेला. मांजराच्या गालांत, कपाळावर वासाच्या ग्रंथी असतात. गाल घासून ते आपल्याला स्वतःचा वास लावतं, घरातलं करून घेतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मी हलले नाही.

हात लावायचा तो गालावर नाहीतर हनुवटीखाली, दोन-तीनदा, आणि मग काढून घ्यायचा. डोकं पुन्हा पुढे आलं तर आणखी. नाही आलं तर आजच्यापुरतं झालं. शेपटी फटकारायला लागली, पाठीची कातडी थरथरली की थांबायचं. उताणं झोपून पोट दाखवलं, तर ते तुमच्यापुढे निर्धास्त आहे एवढंच समजा. पोटाला हात लावू नका.

आता डोळ्यांचं. "मांजर डोळे मिटून दूध पितं" असं आपण लबाडीसाठी म्हणतो. मला ते अलीकडे फार लागतं. कारण मांजराने तुमच्यासमोर डोळे हळूहळू अर्धे मिटणं, हा त्याचा सगळ्यात मोठा विश्वास. इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं: माणसाने तसे सावकाश डोळे मिटले की मांजरंही बरेचदा तसेच मिटतात, आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताजवळही जास्त येतात. टक लावून बघणं ही मात्र त्यांच्या लेखी धमकी.

एवढं करून मीच सगळं मोडलं. ऑक्टोबरमध्ये तिची नसबंदी करायची होती. ती माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. त्याच झोपेत मी तिला धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून पिंजऱ्यात कोंबलं. ऑपरेशन छान झालं. घरी आल्यावर ती पलंगाखाली गेली ती तीन आठवडे. मी दिसले की कोपऱ्यात सरकायची, माझ्या यजमानांनी दिलेलं मात्र खायची. ऑपरेशन तिच्या भल्याचंच होतं, पण माझ्या मांडीवर झोपलं की काय होतं, हे मी तिला शिकवलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मेथी, बांगडा, साडेसात. पिंजरा माळ्यावर टाकला नाही, वरचं झाकण काढून हॉलमध्येच ठेवला, आत जुनी गोधडी. आधी ती लांबून वास घ्यायची, मग दारातला तुकडा उचलायची. दोन महिन्यांनी दुपारची आत झोपायला लागली. मग झाकण बसवलं, मग दार क्षणभर लावून उघडलं. पुढच्या लसीच्या वेळी ती आपण होऊन आत जाऊन बसली. पिंजरा असाच रोजच्या वापरातला ठेवा, अगदी पहिल्या दिवसापासून. आणि खोडी केली की तोंडावर पाणी उडवायला सांगणाऱ्यांचं कृपा करून ऐकू नका. त्याने खोडी जात नाही, तुमची भीती तेवढी बसते.

मांडीवर कधी येईल, हे मात्र मी कोणालाच सांगू शकत नाही. समोरच्या काकूंकडे एक काळा बोका आहे. सहा वर्षं झाली, त्यांनी त्याला एकदाही उचललेलं नाही, तो उचलूच देत नाही. संध्याकाळी काकू बाल्कनीत चहा घेऊन बसतात. तो येतो, त्यांच्यापासून दोन हातांवर बसतो, त्यांच्याकडे पाठ करतो आणि झोपतो. काकू कप खाली ठेवतानासुद्धा आवाज होऊ देत नाहीत.